आतून ढकलायचं दार

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून अर्धाच, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसशील हे ठाऊक आहे, तरी विचारते, कारण नाही विचारलं तर तू म्हणशील, कोणी विचारतसुद्धा नाही. इकडे सगळं ठीक. गेले दोन महिने मी कड्याकोयंड्यांखेरीज कशावरच बोलत नाही अशी तुझ्या जावयांची तक्रार आहे. ती खरी आहे, आणि ती कशी खरी झाली हेच आज तुला सांगायला बसले आहे.

आमच्या वाचनालयाच्या सभागृहाला मागच्या बाजूने संकटकाळी बाहेर पडायचं एक दार आहे. अग्निशमन खात्याचे साहेब तपासणीला आले आणि म्हणाले, हे उघडून दाखवा. वर कडी, खाली कडी, मधे लोखंडी अडसर आणि त्याला कुलूप. किल्ली कार्यवाहांच्या कमरेला. साहेबांनी घड्याळ लावलं. कार्यवाहांनी आधी चष्मा शोधला, मग जुडग्यातली किल्ली, मग ते खालच्या कडीसाठी वाकले आणि थोडा वेळ तसेच राहिले. एकूण चार मिनिटं लागली. साहेबांनी नुसतं लिहून घेतलं. (ओरडणारा साहेब परवडला, लिहून घेणारा नाही.) महिन्याभरात कड्या बदला, नाहीतर सभागृह बंद, असं पत्र आलं. समितीच्या बैठकीला मी सर्दीमुळे गेले नव्हते, त्यामुळे हे काम एकमताने ग्रंथपालबाईंकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

दुकानदाराने पाऊण तास मला कड्या दाखवल्या. प्रत्येकीचा गुण एकच, बाहेरचा आत येणार नाही. मी म्हटलं, मला आतला बाहेर जायला हवा आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गळकी बादली मागितली. शेवटी माळ्यावरून त्याने एक आडवा दांडा काढला. तो दाराच्या आतल्या बाजूला, जवळजवळ पूर्ण रुंदीत बसतो. अंगाने ढकलला की आतली खिटी मागे सरते आणि दार उघडतं. किल्ली नको, मूठ फिरवायला नको. बाहेरून मात्र काही केल्या उघडत नाही.

कार्यवाहांना तो दांडा पाहताक्षणी नकोसा झाला. त्यांची योजना वेगळी होती. कुलूप तसंच ठेवायचं, एक किल्ली काचेच्या पेटीत टांगायची आणि काच फोडायला शेजारी हातोडी. हातोडी चोरीला जाईल म्हणून ती कपाटात, आणि कपाटाची किल्ली पुन्हा त्यांच्याच कमरेला. आम्ही त्यांना पाठीमागे 'अडसर' म्हणतो ते काही उगाच नाही. बावीस वर्षांत हा माणूस दुपारी घरी जेवायला गेलेला नाही. त्याच दाराशी स्टुलावर बसून डबा खातो. पुस्तकांच्या काळजीने, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. अखेर साहेबांचं पत्र दाखवून मी दांडा आणला.

बसवायला आमचे नेहमीचे मिस्त्री आले. दांडा कमरेच्या उंचीवर हवा म्हणून त्यांनी स्वतःच्या कमरेशी खूण केली. मिस्त्री ताडमाड, तेव्हा ती खूण माझ्या छातीशी आली. मग मला उभं करून दुसरी खूण केली. दांडा बसला, स्क्रू आवळले, मी ढकलला. दार हललं नाही. मिस्त्रींनी ढकललं, मग दोघांनी मिळून. जितकं ढकलावं तितकं ते चौकटीत घट्ट बसत होतं, कारण ते आत उघडणारं दार होतं. कार्यवाह शांतपणे म्हणाले की त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

चार दिवस चौकट उकलून, बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं. त्या चार दिवसांत माझ्या मनात एकच विचार घोळत होता. घाबरलेला माणूस दार ओढत नाही, ढकलतो, आणि मागचे त्याला ढकलतात. इतक्या साध्या गोष्टीचा आपण दार करताना विचार करत नाही. कोण येईल याचीच भीती आपल्याला जन्मभर पुरते.

चाचणीला मी आमच्या सगळ्यात जुन्या सभासद बाईंना बोलावलं. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. एका हातात काठी, दुसरा हात सारखा थरथरतो, चहाचा कपही धरवत नाही. त्यांनी कोपर टेकवलं, आणि दार उघडलं. कार्यवाह म्हणाले, पुन्हा करा. बाईंनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही करायला लावलं. मग ते स्टुलावर बसले. बाई गेल्यावर माझ्याकडे न बघताच बोलले.

"इथे येण्याआधी मी गिरणीत होतो. तिथे कापूस पेटला तेव्हा मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे होती. मी घरी जेवायला गेलो होतो."

माणसं वाचली का, असं मी विचारलं.

"वाचली. खिडकीचे गज कापून काढली. एकाचा हात गेला."

चोरांना भिणारा माणूस म्हणून आम्ही ज्याला हसत होतो, तो बावीस वर्षं किल्लीसकट दाराशी बसून होता, वेळ आली तर आपण जागेवर असावं म्हणून. त्यांनी जुडग्यातून ती किल्ली सोडवली आणि माझ्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल रिकामं. अर्ध्या तासाने त्यांच्या पत्नीचा मला फोन, की हे अवेळी घरी आलेत आणि ताट वाढ म्हणतात, तुमच्याकडे काही भांडण झालंय का? मी म्हटलं, काही नाही, वाढा. (त्यांना आता मागे काय म्हणायचं हा प्रश्न आहे. अजून दुसरं नाव सुचलेलं नाही.)

साहेब येऊन गेले. याही वेळी नुसतं लिहून घेतलं, पण सही करून. लोभ आहेच, तो वाढावा असं लिहायचा रिवाज आहे, पण आहे तेवढा टिकला तरी पुरे.

तुझी,
ग्रंथपालबाई

ता. क. मागच्या महिन्यात मी आले तेव्हा तू दार उघडायला सहा मिनिटं घेतलीस. दोन बोल्ट, साखळी, कुलूप आणि ती वरची कडी. खुर्ची ओढल्याचा आणि तू तिच्यावर चढल्याचा आवाज मी बाहेर उभी राहून ऐकला. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फक्त त्या पाचांच्या जागी एक चांगली कडी बसवू दे, बाहेरून कोणालाही न उघडणारी आणि आतून तुला एका हाताने उघडणारी.

ता. क. दुसरा. बसवू दे म्हटलं खरं, पण कडी घेऊन झाली आहे. मिस्त्री गुरुवारी दहा वाजता येतील. तू नाही म्हणशील हे त्यांना सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, पायरीवर बसेन.

ता. क. तिसरा. त्यांच्यासाठी पुन्हा खुर्चीवर चढशील, हे आत्ता लक्षात आलं. त्यापेक्षा बुधवारी संध्याकाळी मीच मुक्कामाला येते आणि सकाळी त्यांना दार उघडते. मला आत घेतेवेळी मात्र चढावंच लागेल, त्याला माझ्याकडे उपाय नाही. सावकाश चढ. मी बाहेर उभी आहे, कितीही वेळ.