विरघळलेल्या मण्यांची हकीकत

तीर्थरूप काका यांस,

तुमच्या धाकट्या पुतणीचा हातमोजे काढून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? काकूला माझी आठवण सांगा, आणि वरच्या मजल्यावाल्यांशी तिचा अबोला संपला असेल तर त्यांनाही. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

मी करते काय, हे मागच्या वेळी तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकता ऐकता झोपलात, म्हणून थोडक्यात लिहिते. समुद्री शेवाळापासून एक चिकट रस मिळतो. त्यात जिवंत पेशी मिसळायच्या आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचे. पडताक्षणी थेंबाचा मऊ मणी होतो आणि पेशी त्यात सुखानं राहतात (हॉस्टेलवर राहावं तशा, जेवण आत येतं, बाहेर मात्र सोडत नाहीत). पुढेमागे असे मणी झिजलेल्या सांध्यात बसवून तिथली गादी पुन्हा वाढवता येईल, अशी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची आशा आहे.

गेल्या मंगळवारी हे मणी बघायला एक मोठे हाडांचे डॉक्टर यायचे होते. पेशी त्यांनीच दिलेल्या, एका पेशंटच्या सांध्यातून (त्याची रीतसर परवानगी घेऊन) काढलेल्या, आणि सहा आठवडे मी त्या तान्ह्या बाळासारख्या सांभाळलेल्या. बाई त्यांना आणायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "मणी एकदा धुऊन ठेव, बाकी कशाला हात लावू नकोस." मी धुतले. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या बाटल्यांपैकी चुकीची घेऊन धुतले. त्या बाटलीतलं पाणी मणी विरघळवण्यासाठीच असतं, आणि त्यानं आपलं काम चोख केलं. पाच मिनिटांत ताटलीत नुसतं गढूळ पाणी. ते फेकायचा धीर होईना, म्हणून झाकण लावून बाजूला ठेवलं आणि (पुढचं काकूला वाचून दाखवू नका) उरलेल्या रसाचे, पेशी न घालताच, चाळीस सुरेख मणी पाडले.

डॉक्टर मणी पाहून खूश झाले. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. बराच वेळ बसले.

"पेशी दिसत नाहीत."

"खोलवर आहेत, सर."

"किती खोल?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. त्या पेशंटकडून पुन्हा काही मिळणार नव्हतं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "ते पाणी फेकलंत?" नाही म्हटल्यावर त्यांनी कोट काढून बाह्या सरसावल्या.

पाणी यंत्रात गरगर फिरवलं, तर तळाशी पांढुरका ठिपका जमला. त्यातला कणभर घेऊन रंग घातला. जिवंत पेशी हिरव्या चमकतात, मेलेल्या लाल. दहातल्या नऊ हिरव्या निघाल्या. मला रडू आलं (चष्म्यावर वाफ आली, असं मी सांगितलं). नवे मणी पाडायला डॉक्टरांनीच हौसेनं सुई घेतली, आणि जन्मभर लोकांची हाडं सरळ केलेल्या त्या माणसाच्या प्रत्येक मण्याला शेपूट फुटलं. ताटलीभर बेडकांची पिल्लं. बाई त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. अहवालात मात्र त्यांनी गंभीरपणे लिहिलंय, 'पेशी मण्यातून सुखरूप परत मिळवता येतात, हे तपासून पाहिले.' माझं नाव तिसरं आहे.

तुमची, एवढं होऊनही टिकलेली,
पुतणी

ता. क. पुढच्या महिन्यात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन असल्याचं काकूनं कळवलं. डॉक्टर तेच. कृपा करून आपलं नातं त्यांना कळू देऊ नका. आडनावावरून विचारलंच, तर हे आडनाव पुष्कळांचं असतं म्हणा.

ता. क. २. काढलेला तुकडा संशोधनाला द्याल का, असा कागद तुमच्यापुढे येईल. नीट वाचा आणि सही करा. तुकडा माझ्याच टेबलावर येणार आहे. हे पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. ३. एक गुडघा नक्की मिळतोय, असा शब्द मी काल बाईंना देऊन बसले. कोणाचा, असं त्यांनी विचारलं, आणि मी 'माझ्या काकांचा' म्हणाले. तेव्हा बाई डॉक्टरांशीच फोनवर बोलत होत्या आणि स्पीकर चालू होता.