बुधवारचा उपास

अक्का,

बुधवारचा उपास कोणत्या देवाचा असतो, हे मला अजून सापडलेले नाही. श्रावणातल्या बुधवारी काही बायका पूजा करतात हे मी विचारून घेतले आहे, पण तुम्ही मला सांगत होतात तेव्हा माघ चालू होता. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी तुम्ही अडलात. पळी हातात धरून क्षणभर चुलीकडे पाहिलेत आणि म्हणालात, "बुधवारना बी शे एक देव. तुले काय करनं?" मी चौदा वर्षांचा होतो, मला ते पटले. आता पंचविसाव्या वर्षी पटत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षे झाली. तुम्ही होतात तेव्हा आम्ही सगळी पोरे तुम्हाला अगंतुगं करत होतो. लिहिताना मात्र हात 'तुम्ही' असेच लिहितो, ते राहू द्या.

धुळ्याच्या ज्या वसतिगृहात तुम्ही स्वयंपाक करत होतात, तिथे आम्ही साठ पोरे होतो आणि माझी जागा फुकट होती. स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष झाले होते, धान्य रेशनचे होते. एके दिवशी पंगतीत मी चौथी भाकरी मागितली, तेव्हा सुपरिंटेंडेंट साहेब माझ्यामागे उभे होते. ते काही रागाने बोलले नाहीत. हसत म्हणाले, "फुकटच्या जागेला भूक जास्त असते." पोरे हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तीन भाकरी घेतल्या, मग दोन. मग एका भाकरीचे सोळा तुकडे करून त्यातले किती खायचे हे मी सकाळीच ठरवू लागलो, आणि ठरवल्यापेक्षा एक कमी खाल्ला की दिवसभर परीक्षेत पहिला आल्यासारखे वाटे. पंगतीत बसावे लागू नये म्हणून मी वाढायला उभा राहायचो. साहेब माझ्या सेवाभावाचे कौतुक करत. एका वाक्याने माणसाचे असे होते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते वाक्य साठ जणांनी ऐकले. एकोणसाठ जण विसरले. माझ्यात आधीपासून काहीतरी असणार, ज्याला ते चिकटले. ते काय होते, हे मला कळत नाही, आणि कळले असते तर आज उपयोगी पडले असते.

लोक म्हणत, पोराची भूक मेली. अक्का, मला इतकी भूक आयुष्यात कधी लागली नव्हती. धड्यात 'तूप' हा शब्द आला की पुढची ओळ दिसायची नाही. हे मी कोणाला सांगितले नाही आणि तुम्ही विचारले नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याआधी 'जेवलास का' विचारणारी आपली माणसे, पण तुम्ही मला तो प्रश्न एकदाही केला नाहीत. मी वाढण्याची भांडी न्यायला स्वयंपाकघरात आलो, तर तुम्ही म्हणालात, "इकडे ये भो. मना उपास शे, माले चाखता येत नही. मीठ देख जरा." आणि माझ्या तळहातावर उडदाच्या दाळीचा एक थेंब टाकलात. तो मी चाटला. ते खाणे नव्हते, काम होते, म्हणून मला ते चालले. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. काही दिवसांनी थेंबाऐवजी वाटीच्या तळाशी थोडी दाळ, का तर गरम थेंबाने तुमच्या मते मीठ कळत नाही. मग भाकरीचा काठ, आत कच्ची राहिली का पाहायला. मी प्रत्येक वेळी अगदी विचार करून उत्तर द्यायचो. तुम्ही तितक्याच गंभीरपणे मान हलवायचात.

एक दिवस मी खोटे बोललो. सकाळीच मनाशी ठरवले होते, की आज ओठाला काहीच लावायचे नाही. तुम्ही थेंब टाकलात, तुमची पाठ वळली, मी हात चड्डीला पुसला आणि सांगितले, बरोबर शे. दाळ अळणी होती. मला अजून ती पंगत दिसते. पहिल्या ओळीतली पोरे एकमेकांकडे पाहतात, मग एक जण ताट सरकवतो, मग सगळेच बोलू लागतात. साहेब तुम्हाला बाहेर बोलावतात आणि साठ पोरांसमोर विचारतात, की वय झाले असेल तर तसे सांगा, दुसरी बाई पाहतो. मी हातात भाकरीची टोपली घेऊन उभा आहे. तुम्ही पदर डोक्यावर घेता आणि म्हणता, "मनंच चुकनं, भाऊ." माझ्याकडे पाहत नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाणारच नव्हतो, पण तुम्ही दारातून हाक मारलीत. "ये रे. मना उपास शे. मीठ देख." कालच्या दिवसाचा एक शब्द नाही. त्या दिवशी मी वाटी पूर्ण संपवली, आणि पुढेही कधी न चाखता सांगितले नाही.

हे सारे आता वर येण्याचे कारण माझी भाची. माझी थोरली बहीण सावद्याला दिली आहे, तिची ही मुलगी, पंधराव्या वर्षात आहे. ती जळगावला माझ्याकडे राहून नववीत शिकते. मी इथे एका दवाखान्यात कंपाउंडर आहे. मॅट्रिकच्या आधीच शाळा सुटली, पण अक्षर चांगले म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आणि मग बाटल्याही. उन्हाळ्यात सावद्याला एका लग्नात हिची आत्या चारचौघींत म्हणाली, "मामाच्या घरचं मानवलं पोरीले, केळीच्या घडासारखी भरली." ती थट्टाच होती, आणि आमच्याकडे ते कौतुकही असते. श्रावणात पोरीने सोमवार धरले. श्रावण संपला तरी सोडले नाहीत. मग शुक्रवार, मग शनिवार, मग दोन्ही चतुर्थ्या, एकादशी. साबुदाणाही नको, निरंकार. माझी बायको शेजारणींना अभिमानाने सांगायची. शेजारच्या आजीने तर स्वतःच्या सुनेला टोमणा मारला, की पाहा, परक्याची पोर देवाचे किती करते आणि तू चहात बुडवून पाव खातेस. उपासाला घरात कोण नाही म्हणणार? मी मात्र पोरीला स्वयंपाक करताना पाहत होतो. भरीत इतके सुरेख करते, सगळ्यांना आग्रह करकरून वाढते आणि प्रत्येक घास कोणाच्या तोंडात जातो ते डोळे न हलवता पाहते. ते पाहणे मला माहीत होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या होत्या. मार्गशीर्षात ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडली.

डॉक्टरांनी तपासले, छाती पाहिली, रोग काही नाही म्हणाले आणि भुकेचे औषध लिहून दिले. ते मीच बाटलीत भरले. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी अर्धा तास, असे स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि लिहिताना मला वाटले की आपण तहानलेल्याला मीठ देतो आहोत. डॉक्टर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की अशीच उतरत गेली तर काही खरे नाही, हृदय थकते. बहिणीचा निरोप आला, की शाळा पुरे, पोरीला पाठवून द्या. पोर रडली. शाळा तिला हवी होती, अगदी मनापासून. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

मग मी तुमचा उपाय केला. बायकोला आधीच सांगून ठेवले आणि दाळीची पळी घेऊन भाचीला म्हणालो, मला आज उपास आहे, जरा मीठ पाहतेस का? ती माझ्याकडे शांतपणे पाहत राहिली. म्हणाली, "मामा, मलेही उपास हाये." चतुर्थी होती. मी पळी परत पातेल्यात ठेवली. बायकोला हसू आवरेना, आणि मला लाज वाटली, की इतके साधे माझ्या ध्यानात कसे आले नाही. पण तेव्हापासून एकच विचार डोक्यात बसला. तुमच्या हातून जे झाले ते नेमके कशाने झाले?

ते विचारायला मी एका रविवारी धुळ्याला गेलो. घरी औषधे आणायची आहेत असे सांगितले. एसटी एरंडोलला पाऊण तास थांबली, तेवढ्या वेळात मी तीनदा परत फिरण्याचा विचार केला. तुमच्या हाताखाली भाकरी थापणारी ती उंच बाई आता तिथली मुख्य आहे. तिने मला ओळखले. वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "कंपाउंडर व्हयना म्हने. तुना डाक्टर तुले खावाले देस का नही?" मी तिला तुमच्या उपासांचे विचारले, तर ती पीठ भरलेले हात तसेच ठेवून हसली. "उपास? तिले कोठला उपास? सकायमा उठीसन पहिले भाकर खाये ती, मंग चूल पेटाये." मग मी अळणी दाळीचे विचारले, कारण तेच विचारायला मी खरे तर आलो होतो. ती हसायची थांबली. ते तिला चांगले आठवत होते. तुम्ही दाळ आधीच चाखलेली असायची, रोजच. त्या दिवशीही. तुम्हाला मीठ राहिल्याचे माहीत होते, आणि ही मीठ टाकायला उठली तेव्हा तुम्ही हिचा हात धरलात. तुमचे शब्द तिने जसेच्या तसे सांगितले: "ऱ्हाऊ दे. त्यानी सांगं ना बरोबर शे, मंग बरोबरच शे."

परतताना सगळा रस्ता मी यावर विचार केला, अजून करतो. मी खोटे बोललो हे तुम्हाला कळले होते. मला तिथेच पकडता आले असते, गुपचूप मीठ टाकून वेळ निभावताही आली असती. तुम्ही साठ पोरांना अळणी जेवू घातलेत, नोकरी धोक्यात घातलीत, आणि माझा शब्द मोडला नाहीत. हे शहाणपण होते, का हट्ट, का मला शिकवलेला धडा? धडा असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी काही बोलला असता. एवढे मात्र मला दिसते. मी स्वतःला खाणारे फुकटचे तोंड समजत होतो, आणि त्या स्वयंपाकघरात एवढी मोठी गोष्ट माझ्या सांगण्यावर चालते आहे असे तुम्ही मला दाखवलेत. बुधवारच्या देवाने काही केले नसावे. तो नुसता निमित्ताला होता.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, पोरीला 'जेवलीस का' विचारू नकोस आणि ताट तपासू नकोस. तिला ते पटायला दोन दिवस लागले. शाळेचा डबा मी भरून देऊ लागलो. पहिल्या दिवशी पोर म्हणाली, खाल्ला. ती बाहेर गेल्यावर मी डबा उघडला, भाकरी तशीच होती. मी झाकण लावले, भाकरी गाईला घातली, दुसऱ्या दिवशी ताजी भरून दिली आणि काही बोललो नाही. डॉक्टरांना मात्र मी दर आठवड्याला सगळे खरे सांगतो, ते नाडी पाहतात, वजन पाहतात. त्याबाबत मी धाडस करत नाही. मग एका संध्याकाळी ओट्यावर ती वाल सोलत बसली असताना मी तिला माझी गोष्ट सांगितली. सोळा तुकडे, वाढायला उभे राहणे, चड्डीला पुसलेला हात. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "भूक लागे ना मामा तुम्हाले? खरं सांगा." मी म्हणालो, फार. ती रडू लागली. मी तिथेच बसून राहिलो, शेंगा सोलत. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मंग किती दिवसांत गेलं ते?" मी म्हणालो, सहा महिन्यांत.

त्या दिवशी ती माझ्याजवळ जेवायला बसली, चतकोर भाकरीतले तीन घास तिने खाल्ले आणि उठली. सोमवारी पुन्हा काही नाही. पण मागच्या शनिवारी तिने स्वतःहून उपास धरला नाही, आणि परवा डबा रिकामा होता. तो मी उघडला नव्हता, तिने घासायला टाकला तेव्हा दिसला. बहिणीला मी अजून एक महिना मागितला आहे.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचे नाही, आणि तुम्ही असता तरी तुम्हाला वाचता येत नव्हते. समोर बसून मलाच वाचून दाखवावे लागले असते, आणि आता पुढे जे आहे ते मला वाचवले नसते. काल पोर वही घेऊन आली. मागच्या पानावर तिने पट्टीने सहा चौकोन आखले होते, प्रत्येकात महिन्याचे नाव, र्‍हस्व-दीर्घ अगदी बिनचूक. तिने विचारले, "मामा, सहा महिने कवापासून धरायचे? पहिल्या घासापासून का शनिवारपासून?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. अक्का, मला चार वर्षे लागली होती. मी तिला सहा महिने का सांगितले, मला माहीत नाही, तोंडातून निघून गेले. तिला अजून खरे सांगितलेले नाही.