खंडेनवमीचे प्लग

११ ऑक्टोबर १९८३, मंगळवार

कांचनने विमान शेतात उतरवलं! पोरगी धडधाकट आहे. चाक मोडलं, एक पंख चेपला, इंजिन शाबूत.

प्रभाकर, तिचा बाप, कारखान्यात टर्नर. आमच्या शेजारचाच क्वार्टर त्याचा. सरकारी स्कॉलरशिपवर मुलगी आमच्या फ्लाइंग क्लबात विमान शिकते, म्हणून अख्ख्या टाउनशिपभर मिरवून झालंय. आज बिचारा गेटपाशी नुसता उभा होता.

तिला शिकवणारे आमचे कॅप्टन म्हणतात, "लड़की घबरा गई, बस." कांचन म्हणते, "काका, इंजिन आधी धडधडलं, मग जोरच गेला." दिल्लीहून तपासणीला साहेब येणार. चूक तिची ठरली तर स्कॉलरशिप बंद. म्हणजे उडणंच बंद.

१२ ऑक्टोबर

दिल्लीचा फोन — इंजिनाचे स्पार्क प्लग काढून तसेच ठेवा, सोमवारी बघतो. क्लबचा मेकॅनिक मीच; हँगरमध्ये एकटाच होतो. आठही काढले — चार सिलिंडर, प्रत्येकाला वर एक, खाली एक.

पेट्रोल नीट जळलं की प्लगचं टोक भाजलेल्या रव्याच्या रंगाचं होतं. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा दांडा वैमानिकाने चुकीचा ठेवला तर सगळ्यांवर कोरडी काजळी धरते. काजळी असती तर कांचन चुकली म्हणालो असतो आणि घरी येऊन जेवलो असतो.

काजळी नव्हती. वरचे चार ठीक. खालच्या चारांत करडे, कडक दाणे — शिसं. दोघांत तर फट पार बुजलेली. ठिणगी पडणार कुठून!

हल्ली मिळतं त्या पेट्रोलमध्ये शिसं जास्त. आमच्या जुन्या इंजिनाला ते मानवत नाही, प्लग सारखे साफ करावे लागतात. गेल्या वेळी कोणी केले? मी. सही कोणाची? माझी. गणपतीत नागपूरची गाडी पकडायची होती. वरचे चार नीट केले, खालच्यांवरून फडकं फिरवलं. आठांवर सही ठोकली.

पोरगी खरं बोलते आहे.

१३ ऑक्टोबर

कोणाला काही बोललो नाही. माझाच हात दोनदा फडक्याकडे गेला. लाज वाटली.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कॅप्टन येऊन ट्रेवर वाकले. "नीलकंठजी, ज़रा साफ़ कर दीजिए, साहब को गंदे अच्छे नहीं लगेंगे." सहज म्हणाले की मुद्दाम, देव जाणे. सुट्टीत हँगरची किल्ली त्यांच्याकडे. मी ट्रे उचलला आणि घरी घेऊन आलो.

घरी बायकोला, मनोरमाला, सगळं सांगितलं. म्हटलं, सोमवारी साहेबांनी हे पाहिले की मी गेलो. लायसन्स जाईल. ती कारखान्यात हिशेबखात्यात आहे, क्वार्टर तिच्या नावावर, तेव्हा डोक्यावर छप्पर राहील. पण पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? आणि नाही पाहिले तर कांचन गेली. मनोरमाने कुकर उतरवला. "जेवून घ्या," म्हणाली.

ठरलं. जसे आहेत तसे दाखवायचे. जीव जरा हलका झाला.

१५ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

संपलं सगळं.

सकाळी मनोरमाने मला झेंडूला जवाहर चौकात पिटाळलं. गर्दी ही! परत येतो तर पाटावर आठ प्लग ओळीने मांडलेले. चिंचेने घासलेले, लखलखीत! प्रत्येकाला हळदकुंकू. खालच्या चारांतली फटसुद्धा मोकळी — स्टोव्हच्या पिनेने टोकरून. एक दाणा शिल्लक नाही. सगळं मोरीतून वाहून गेलेलं.

"दरवर्षी तुमचे पाने, स्क्रूड्रायव्हर ठेवतो पूजेला. यंदा म्हटलं, हे ठेवू."

मी ओरडलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असा कधी ओरडलो नव्हतो. भिंतीपलीकडे प्रभाकरकडचा रेडिओ बंद झाला. ती खाली बघत राहिली. मग माझं मलाच वाईट वाटलं. कौतुकाने करायला गेली बिचारी! झेंडू पिशवीतच राहिला.

१६ ऑक्टोबर. दसरा

कांचन सोनं द्यायला आली. पाया पडली. "काका, उद्या तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

१७ ऑक्टोबर, सोमवार

साहेबांनी प्लग पाहिले. "ये तो चमक रहे हैं!" मी म्हटलं, शनिवारी धुतले गेले, घरी पूजा होती. "पूजा में? प्लग?" ते हसले, कॅप्टन हसले. मग सांगितलं — खाली शिसं होतं, साफ मी केलं नव्हतं, चूक माझी आहे.

"तो पाँच दिन चुप क्यों रहे?"

मी ट्रेमधले प्लग सरळ करत राहिलो.

"लड़की आपके पड़ोस की है?"

"जी."

"समझ गया." मला वाचवायला नाही, तिला वाचवायला खोटं बोलतोय असं त्यांच्या डोक्यात बसलं! तेच प्लग परत लावून इंजिन सुरू करायला सांगितलं. हलकट एका झटक्यात लागलं. कसं चाललं म्हणून सांगू — कित्येक महिन्यांत इतकं गोड चाललं नव्हतं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. कॅप्टननी कांचनकडे पाहिलं आणि मान हलवली. ती इंजिनाकडेच बघत होती.

१९ ऑक्टोबर

स्कॉलरशिप बंद.

संध्याकाळी प्रभाकरकडे गेलो. म्हटलं, कांचन, तुझी काही चूक नव्हती, मी डोळ्यांनी पाहिलंय. ती हसली. "काका, माझ्यासाठी किती खोटं बोलाल? इंजिन चांगलं होतं, सगळ्यांनी ऐकलं. माझंच काहीतरी चुकलं असणार. मला आता नीट आठवतही नाही."

हे सगळ्यात वाईट. तिला सांगत राहिलो, ती मान डोलावत राहिली. निघताना प्रभाकरने माझे हात धरले. "नीळकंठराव, मन मोठं आहे तुमचं."

आता माझ्या बोलण्याला काही किंमत नाही. तिच्याही नाही.

२२ ऑक्टोबर

काही नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार

दिल्लीला अर्ज लिहायला बसलो. मनोरमाला म्हटलं, एक साक्ष दे, शेवटचा उपाय आहे. एवढंच लिही — पूजेसाठी धुतले, आणि धुण्याआधी आत करडे दाणे होते.

तिने पेनाला टोपण लावून ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "पूजेसाठी असं मी नाही लिहिणार. धुवायचे हे शुक्रवारी रात्रीच ठरवलं होतं, पूजा मागाहून सुचली."