पाच मिनिटांचा कागद

आबा, आज वेल्ह्याच्या डोळे तपासणी शिबिरात सारोळ्याचा एक टेम्पोवाला माझ्यापुढं येऊन बसला. डोळे लालबुंद, अंगाला बिडीचा वास. मी विचारलं, बिडी कधी ओढली? "ही काय, आत्ताच दारात. का वो ताई?" म्हटलं, डोळा कोरडा पडलाय असं वाटतंय, तपासायला हवा, पण आत्ता न्हाई; बाहेर बसा, तासाभरानं या, तोवर काडी पेटवायची न्हाई. तो वैतागलाच. "डोळ्याला पानी तर लई येतंय की! मग कोरडं कसं म्हनता?" तुम्हीही असंच काहीसं म्हणाला होता. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि वाचता तर तुम्हाला कधी येतच नव्हतं. तरी लिहिते.

तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात नुकती लागले होते. हेच शिबिर, हेच गाव. तुम्ही वरच्या वाडीतून शेरडं शेजाऱ्याच्या हवाली करून पायी उतरला होता. दारात बिडी विझवून तुम्ही खुर्चीत बसलात, आणि मी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती किती भिजली ते मोजायचं, पाणी पुरेसं आहे की नाही ते कळतं. तुमची पट्टी पार खालपर्यंत भिजली. "बघ, विहीर हाय विहीर!" तुम्ही हसलात. मी केसपेपरवर लिहिलं, अश्रू पुरेसे.

ते पाणी धुरानं आलेलं होतं, आबा. धूर झोंबला की डोळा नुसता गळतो, पण ते पाणी बुबुळावर ठरत नाही. डोळ्यातल्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तेलाचा पातळ थर असतो, म्हणून ते टिकतं. वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्याची ती सायच विरते. ते बघायला दुसरी तपासणी असते. डोळ्यात पिवळा रंग घालायचा, निळा उजेड टाकायचा, पापणी न मिटता पाणी किती सेकंद टिकतं ते मोजायचं. एका मिनिटाचं काम. ती मी केलीच नाही.

"लेकीनं तपासलंय, डोळं झ्याक हायत," असं तुम्ही वाडीभर सांगत सुटलात. मग डोळा खुपायला लागला तरी खाली उतरला नाहीत. चोळलात, शेळीचं दूध घातलंत. आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा बुबुळावर पांढरं फूल पडून गेलं होतं. दुसरा डोळा आधीपासूनच अधू. पुढं तुम्हाला अंगणातली शेरडं हातानं चाचपून ओळखावी लागायची, आणि एक दिवस चुकून शेजाऱ्याचंच करडू दावणीला बांधलंत, तेव्हा माणसं हसली. त्यानंतर तुम्ही वाडीत कुणाच्या दारात गेला नाहीत. दोन वर्षं भिंतीला टेकून बसलात आणि तसेच गेलात. मी तर वर तोंड करून म्हणाले होते, "बिडीनं घालवला डोळा, आता बसा!" तुम्ही म्हणालात, "व्हय बाई, माजीच चूक." माझी जीभ का झडली नाही तेव्हा!

टेम्पोवाला तासाभरानं परत आला. पट्टी जेमतेम भिजली, आणि पिवळा रंग चार सेकंदांत फाटला. त्याला औषध दिलं, दोन शब्द सुनावले. तो गेला आणि मी कोपऱ्यात जाऊन रडले.

त्या दिवशी रांग मोठी होती म्हणून दुसरी तपासणी राहिली, असं मी आईला सांगितलं, भावाला सांगितलं, स्वतःलाही सांगत आले. रांगेत तुमच्यामागं तिघंच होते. तुम्ही शिबिराच्या डॉक्टरीणबाईंना म्हणालात, "ही माजी लेक हाय," आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला. मला तुमची लाज वाटली, आबा. तुम्ही खुर्चीतून लवकर उठावं, एवढंच मला हवं होतं.