एकशेतीसच्या खाली

म्हसवड, ५ ऑगस्ट २०२५

ती. मनुआक्कास धाकट्या नानासोचा शि. सा. न. वि. वि.

तोफखान्याच्या नोकरीत कान गेलं, फोनवर तुझं काय बी कळत न्हाई, म्हणून हे पत्र. मागच्या पत्रात लय मिजास केलीस. तुझं बीपी एकशेअठ्ठावीस आन् मी फौजी असून एकशेशेहेचाळीस! आता ऐक. काल माझं अठ्ठ्याण्णव भरलं. डॉक्टर म्हणालं होतं, एकशेतीसच्या खाली ठेवा. म्या एका गोळीच्या जागी रोज दोन चालू केल्या. खाली म्हंजे खाली! उठताना जरा अंधारी येते, तेवढं चालायचंच. सूनबाई क्रांती उगंच कटकट करते. भाऊबीजेला येतो, तवा हरल्याचं कबूल कर.

तुझा नानासो

सांगली, ११ ऑगस्ट

चि. नानासोस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आरं, ही काय शर्यत हाय व्हय? मी चेष्टा केली आणि तू खरं धरलंस!

इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एकशेतीसच्या खाली म्हणजे तळ गाठायचा नव्हे. आपल्या वयात उभं राहिल्यावर अंधारी येत असेल तर गोळी जास्त होतीय, माणूस कोसळतो. बसून मोजतोस तसं उभं राहूनही मोजून घे. मनानं वाढवलेली गोळी बंद कर, पण सगळंच औषध सोडून बसू नकोस. डॉक्टरांना खरं काय ते सांग. क्रांतीला फोन केला, तर म्हणाली मामंजी ऐकतच न्हाईत. उठताना हात टेकून सावकाश ऊठ. मला दुसरा भाऊ न्हाई रं.

लोभ तर आहेच, पण जीव टांगणीला लागलाय.

तुझी आक्का

म्हसवड, ५ ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. न. मी सांगतूय, क्रांती लिहितीया.

तिनं फोनवर कळवलंच हाय, तरी माझ्या तोंडनं ऐक. पंधरा ऑगस्टला शाळेत माजी सैनिक म्हणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. राष्ट्रगीत लागलं, ताडकन उठलो, आन् पोरांच्या देखत फरशीवर आडवा. खुब्याचं हाड मोडलं. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. साताऱ्याला ऑपरेशन झालं, पण जखम चिघळली. आता चालणं व्हायचं न्हाई, म्हणत्यात.

चूक माझी हाय, तू रडत बसू नकोस. आता एकच गोळी घेतो. काल बीपी एकशेअठ्ठावीस भरलं, अगदी तुझ्याएवढं. अंधारी बी येत न्हाई. उभंच राहायचं न्हाई, तर येणार कवा?

यंदा भाऊबीजेला तूच ये. मला पाटावर बसवत न्हाई. आडव्या माणसाला ओवाळत न्हाईत, असं क्रांती म्हणते. तू ओवाळ.

माया पातळ करू नकोस.

तुझा नानासो