कापसाची गुरगुर

दि. ४ जून

चि. सौ. धाकटीस,

थोरल्याचे अनेक आशीर्वाद, आणि त्याहून थोड्या जास्त सूचना.

सुखरूप पोचलो. तुमच्याकडचे आठ दिवस फार बरे गेले. तुझ्या दुकानात बसून लोकांना चष्म्याच्या चौकटी निवडताना पाहणं हे कुठल्याही नाटकापेक्षा कमी नाही. चेहरा तोच, नाक तेच, पण प्रत्येक चौकटीबरोबर माणूस मान वेगळ्या तऱ्हेने वाकडी करतो. भिंगरी आठ वर्षांची झाली आणि तिला मामापेक्षा जास्त कळतं हे तिने मला तीन वेळा बजावलं. यंदा तिचा 'र' अगदी खणखणीत लागतो आहे, हे ऐकून संतोष झाला. अखेर आपल्या घराण्याची जीभ आहे ती.

आता मुद्द्यावर येतो. मेहुण्यांनी गोदामातून निवृत्त झालेला पहारेकरी घरी आणला, ते सहृदयतेने आणला, याविषयी मला शंका नाही. शंका पहारेकऱ्याविषयी आहे. जात रॉटवायलर, रंग काळाकुट्ट, वजन माझ्यापेक्षा जेमतेम दहा किलो कमी आणि डोकं माझ्यापेक्षा मोठं. भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, त्यामुळे तो सदैव आपल्याला एखादा अडचणीचा प्रश्न विचारतो आहे असं वाटतं. अशा प्राण्याचं नाव तुझ्या कन्येने 'कापूस' ठेवलं. नामकरणात विनोद असावा, पण इतका असू नये.

मंगळवारी तू दुकानात होतीस. भिंगरीने कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली होती आणि त्या कापसाच्या बरगड्यांना टेकून चित्र काढत बसली होती. मधूनच ती त्याचा कान खाजवी. आणि त्याच्या आतून असा आवाज येई, की पहिल्यांदा मी उठून खाली मालट्रक उभा आहे का ते खिडकीतून पाहिलं. मालट्रक नव्हता. अर्ध्या तासात चार वेळा गुरगुरला. पोरीला तर ते ऐकूही येत नाही. मी खुणेने तिला दूर हो म्हटलं, तर हसून तिने मलाच पंख्याच्या वाऱ्यातून बाजूला व्हायला सांगितलं.

कॉलेजात वीस वर्षं मुलांना तर्कशास्त्र शिकवतो आहे: जिथे धूर तिथे अग्नी. मग जिथे गुरगुर तिथे राग, एवढं अनुमान काढायला मला कुणाची परवानगी नको. तुमच्या इमारतीचे सचिव आणि मी पत्राने बुद्धिबळ खेळतो हे तुला ठाऊक आहेच. या खेपेच्या चालीबरोबर त्यांना कुत्र्याविषयीही दोन ओळी लिहिल्या आहेत. केवळ मित्र म्हणून सल्ला मागितला. रागावू नकोस. भाचीची काळजी मामाने करायची नाही तर काय त्या पहारेकऱ्याने?

लोभ आहेच, तो या पत्राने आटू नये, एवढंच मागणं.

तुझा,
दादा

---

दि. १५ जून

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. यापुढे 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे, पण या पत्रात विनंती थोडी आणि तक्रार विशेष आहे.

तुझ्या त्या 'दोन ओळी' मी मोजल्या. एकेचाळीस आहेत. मोजता आल्या, कारण सचिवांनी त्यांची नक्कल करून लिफ्टशेजारच्या फळ्यावर चार टाचण्यांनी लावली आहे. तुझं नाव गाळून वर लिहिलं आहे, 'एका विद्वान पाहुण्याचे प्रत्यक्ष निरीक्षण'. तू सल्ला मागितलास, त्यांनी सभा बोलावली. २८ तारखेला, रविवारी सकाळी, खाली गाड्या लावतात तिथे. बहुमत झालं तर पंधरा दिवसांत कापसाला हलवायचं. कुठे, ते विचारू नकोस. दुसरं कोण घेणार त्याला? गोदामाच्या मागच्या अंगणात त्याची साखळी अजून तशीच आहे.

लोक आधीही त्याला घाबरत होतेच. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई त्याला पाहून जिना धरतात. दुसऱ्या मजल्यावरचा औषधवाला आपल्या मुलाला पायामागे घेतो. दहा महिन्यांत कापूस दोनदा भुंकला, त्यातला एकदा छत्रीवर. चावला कुणालाच नाही. पण आधी लोकांकडे नुसती भीती होती. आता तू त्यांना कागद दिलास, तोही शुद्ध भाषेत.

दादा, ती गुरगुर रागाची नव्हे. पहिल्या आठवड्यात मीही घाबरले होते. पण मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की या जातीची बरीचशी कुत्री खूश झाली की आतल्या आत अशीच घरघरतात, मांजरासारखी. फक्त मांजर केवढं आणि हा केवढा, म्हणून लोकांना धडकी भरते. माझ्या दुकानातही लोक तक्त्यावरची न दिसणारी अक्षरं अंदाजाने ठोकून देतात. मी त्या अंदाजावर चष्मा करून देत नाही.

आणि आपल्या घराण्याच्या जिभेचं म्हणशील, तर वर्षभर उच्चार शिकवणाऱ्या बाई भिंगरीचा हात आपल्या गळ्यावर धरून 'र' म्हणत होत्या आणि ही 'ल' म्हणत होती. मार्चमध्ये एक दिवस धावत दुकानात आली. मी भिंग घासायला लावलं होतं. तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला, मग स्वतःच्या, आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाली 'घर'. पुन्हा म्हणाली 'घर'. ते भिंग मशीनवर तसंच घासत राहिलं आणि वाया गेलं. तिला विचारलं कुणी शिकवलं, तर म्हणाली कापसाने. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला की 'र' आतून कसा हलतो ते कळतं. रागाची गुरगुर वेगळी असते, ती गळ्यात असते आणि अंग ताठ होतं, हेही तिनेच मला हाताने दाखवलं.

तक्रार कुणी केली ते तिला माहीत नाही. मला विचारलं, तर मी एवढंच म्हटलं, की कुणी पाहुण्याने. त्यावर ती म्हणाली, की आपल्याकडे पाहुणा म्हणजे फक्त मामा आला होता, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा असणार.

लोभ ठेवायचा की नाही, ते २८ तारखेनंतर कळवीन.

तुझी,
धाकटी

---

दि. २१ जून

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. या खेपेस सूचना नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या चुका शोधायला, दुसऱ्यांदा माझ्या. पहिल्या वाचनात काही हाती लागलं नाही.

धुरावरून अग्नी ओळखायला शिकवताना मी दरवर्षी मुलांना बजावतो, की किटलीची वाफ पाहून घराला आग लागली म्हणू नका. हे वाक्य फळ्यावर लिहिणारा माणूस तुझ्या घरी चार हातांवर बसून वाफेला बंब बोलावत होता. त्या कुत्र्याला एकदाही हात लावला नाही, कुणाला विचारलं नाही, आणि निष्कर्ष एकेचाळीस ओळींचा. विद्येचा उपयोग एवढाच झाला, की चूक निर्दोष वाक्यांत मांडता आली.

त्याच दिवशी सचिवांना लिहिलं, की पहिलं पत्र रद्द समजावं. त्यांचं उत्तर काल आलं. ते लिहितात, की पहिलं पत्र निरीक्षणातून आलेलं दिसतं आणि दुसरं बहिणीच्या धाकातून. शिवाय समितीच्या मते पहिलं अधिक चांगलं लिहिलं आहे. सोबत माझा उंट मारल्याची चालही कळवली आहे. माणूस सरळ आहे, त्यामुळे त्याच्यापुढे इलाज नाही.

तेव्हा मी स्वतः येतो. शनिवारी सकाळच्या बसने निघेन. प्राचार्यांनी रजेचं कारण विचारलं, मी कुत्र्याच्या बाजूने साक्ष असं लिहिलं; त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. तू डॉक्टरीणबाईंकडून दोन ओळी घेऊन ठेव, खरोखरच्या दोन. मेहुण्यांना गोदामातून लिहून आणायला सांग, की सहा वर्षांत याने कुणाला दात लावला नाही. माझं काम मी करीन. लिहिलेला शब्द चारचौघांत मागे घेण्याची सवय नाही, पण या वयात एखादी नवी कला शिकावी असं म्हणतात.

भिंगरीला तू काही सांगू नकोस. ते माझं मी सांगेन.

लोभ तात्पुरता उसना ठेव.

तुझा,
दादा

---

दि. २ जुलै

चि. भिंगरीस,

मामाचे आशीर्वाद. कापसालाही सांग, त्याला किती पोचतील ते तो ठरवील.

सभेत सगळे एकदम बोलत होते आणि तुला कुणाचेच ओठ धड वाचता येत नव्हते. तिथे काय बोललं गेलं ते लिहून पाठवीन असं मी कबूल केलं होतं. ते हे.

पहिल्यांदा सचिवकाकांनी ते फळ्यावरचं पत्र सबंध वाचलं. ते फार छान वाचतात. ऐकता ऐकता हा कुत्रा ताबडतोब हलवला पाहिजे असं मलाही वाटू लागलं. औषधवाल्याने तर दोनदा मान डोलावली. मग तुझ्या आईने डॉक्टरीणबाईंचा कागद वाचला, बाबांनी गोदामाचा. लोकांनी ऐकलं, पण आईबाप आपल्या कुत्र्याविषयी बरंच बोलणार, असा चेहरा करून ऐकलं.

मग मी उभा राहिलो आणि सांगितलं, की ते पत्र मी लिहिलं होतं.

हो, भिंगरे. तो पाहुणा मीच. तू त्याचा कान खाजवत होतीस, तो गुरगुरला, मी घाबरलो आणि घरी येऊन लिहून मोकळा झालो. आपल्याकडचा पाहुणा असं करणार नाही असं तू आईला म्हणालीस, ते तिने मला कळवलं होतं. शनिवारी आल्या आल्या सांगायचं असं ठरवून आलो होतो. पण तू दार उघडलंस, कापसाने माझी पिशवी तोंडात धरून आत नेऊन ठेवली, आणि माझा धीर सुटला. रविवारी सभेत उभा राहिलो तो तुझ्याकडे पाठ करून. ते चुकून नव्हतं. तुला माझे ओठ दिसू नयेत म्हणून होतं.

पुढचं ऐक. औषधवाल्याने विचारलं, की तीन आठवड्यांत बहिणीने कान उपटण्यापलीकडे नवीन काय घडलं? सगळे हसले. मी म्हटलं, दुसरं काही नाही, पण कान उपटायला तिच्याकडे कारण होतं. मी चार हातांवरून ऐकलं, जवळ जाऊन पाहिलं नाही. तेव्हा ते 'प्रत्यक्ष निरीक्षण' म्हणू नये. सचिवकाका म्हणाले, की मग प्रत्यक्ष काय आहे ते आता तरी सांगा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, कारण मी तोवरही त्याला हात लावला नव्हता.

तेवढ्यात तू कंटाळून कापसाला घेऊन उठून आलीस आणि माझा हात धरून त्याच्या बरगड्यांवर दाबलास. त्यानंतरचं तू पाहिलंसच. मी काय सांगू? आत कुणीतरी जातं फिरवतंय असं वाटलं, आणि तो डोळे मिटून माझ्या बुटावर हनुवटी टेकून बसला होता. सचिवकाका पुरावा तपासायला म्हणून आले आणि चष्मा नाकावरून घसरला तरी हात काढेनात. औषधवाल्याचा मुलगा बापाच्या आधी आला. बाप मुलाला मागे घ्यायला आला आणि तिथेच राहिला.

पहिल्या मजल्यावरच्या बाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की त्याच्या पोटात काय वाजतं ते तुम्ही ऐका. मला लहानपणी एक पांढरं, चिमुकलं, सगळ्यांच्या लाडाचं कुत्रं चावलं आहे, आणि घाबरायचा मला हक्क आहे. मी लिफ्टमध्ये असताना तो नको, आणि त्याच्या फिरण्याच्या वेळा मला आधी कळाव्यात. सबंध सभेतलं सर्वांत शहाणं बोलणं मला तेच वाटलं. म्हणून तसंच ठरलं: लिफ्टमध्ये आणि जिन्यात तोंडाला जाळी, दोरी आखूड, सकाळ-संध्याकाळच्या वेळा फळ्यावर. राहू द्या म्हणणारे अकरा, नको म्हणणारे तीन, आणि एक गृहस्थ पाण्याच्या टाकीचा विषय आहे समजून आले होते, ते तटस्थ. पत्र मी स्वतःच्या हाताने फळ्यावरून काढलं.

कापूस जायची पाळी माझ्यामुळे आली. राहिला तो माझ्यामुळे नाही. तू रागावलीस तर रास्त आहे, आणि उत्तर नाही पाठवलंस तर तेही समजेन. मात्र आठवडाभराने टपालवाल्याला विचारल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही.

जेवढा उरला असेल तेवढा लोभ कळव.

तुझा,
मामा

---

दि. ९ जुलै

ती. मामास,

भिंगरीचा नमस्कार. खाली निळा डाग आहे तो कापसाचा नमस्कार आहे. आईने फरशी मला पुसायला लावली.

तुझं पत्र मिळालं. मला ते रविवारीच कळलं होतं. तू पाठ केली होतीस, पण सचिवकाका तुझ्याकडे बघून बोलत होते आणि त्यांचं तोंड मला दिसत होतं. त्यांना मिशी नाही, म्हणून त्यांचं सगळं वाचता येतं. ते म्हणाले, की ते पत्र तुमचं आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्ही आपणहून सांगितलंत हे बरं केलंत. मग मी उठले. मी कंटाळून नव्हते उठले, ते तू चूक लिहिलं आहेस.

आधी मला तुला ढकलावंसं वाटलं. पण मग सचिवकाकांनी तुला खरं काय ते विचारलं आणि तू नुसताच कापसाकडे बघत राहिलास. मला वाटलं याला खरंच माहीत नाही. म्हणून तुझा हात लावला. बाकीच्यांना मी बोलावलं नव्हतं, ते आपलेआप आले.

आता जाळी घालायला कापूस स्वतः नाक पुढे करतो. पहिल्या मजल्यावरच्या बाई लिफ्टपाशी दिसल्या की मी लांब थांबते आणि हाताने सांगते, तुम्ही आधी जा. काल त्यांनी मला विचारलं, याचं नाव कापूस का. मी सांगितलं, कान हातात धरून बघा. त्या म्हणाल्या नको, तुझ्यावर विश्वास आहे.

तू सांगितलं नाहीस म्हणून मी दोन दिवस तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तेव्हा तुझं पत्र आलंच नव्हतं, म्हणून ते वाया गेलं. आता राग गेला आहे. थोडासा ठेवला आहे, सुट्टीत तू आलास की लागेल.

लोभ मात्र सगळा आहे.

तुझी,
भिंगरी