बसायची नोकरी

६ ऑक्टोबर
रुजू झाले! कनिष्ठ लिपिक. एम.ए. संपल्यावर चौदा महिन्यांनी, दिव्यांग कोट्यातून. कागदावर दिव्यांग, आमच्या गावात, दुसरबीडात, आंधळी. बाबा एसटीने तालुक्याच्या कार्यालयापर्यंत सोबत आले. साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. बाकी कोणी रुजू झालं की त्यालाही शाल देतात का? विचारायचं राहिलं.

९ ऑक्टोबर
हजेरीपटावर सही, मग खुर्ची. काम मागितलं. मोठे बाबू उत्तमराव म्हणाले, "ताई, तुम्ही काऊन टेन्शन घेता? बसा निवांत."
बसले. पावणेदहा ते सव्वासहा.

१७ ऑक्टोबर
बसले.

३० ऑक्टोबर
आज भांडले. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, टाकायला दहा मिनिटं लागतात, पेनड्राइव्हही मीच घरून आणलाय — तरी उत्तमरावांचं एकच, "साहेबांले विचारून सांगतो." तीन आठवडे विचारूनच राह्यले!
अमरावतीला एम.ए.चा अख्खा प्रबंध मी असाच लिहिला. तिथे मला कोणी ताई म्हणत नव्हतं. "समता, नोट्स दे बे!" म्हणायचे. चांगली डोळस पोरं माझ्या नोट्सवर पास झाली. इथे मी पाणी प्यायला उठले तरी तीन माणसं धावतात.
शिपाई पुष्पाबाई तेवढ्या खरं बोलतात. "तुले बसून पगार भेटते, आन् मले तुह्यासाठी चहा आणा लागते. नशीब लागते बाई!" फार राग आला. त्यांचा नाही. त्या चुकीचं काय बोलल्या?

२१ नोव्हेंबर
परिवीक्षा दोन वर्षांची आहे. ती संपली की साहेब कामाचा शेरा लिहिणार, मग मी कायम. न केलेल्या कामाचा शेरा काय लिहितील? 'काम असमाधानकारक', आणि चल घरी. मग गावभर — बघा, आंधळ्या पोरीला जमलं नाही.

३ डिसेंबर
जागतिक दिव्यांग दिन. दुसरी शाल! साहेबांचं भाषण — "समताताई म्हणजे आपल्या कार्यालयाची प्रेरणा." कसली डोंबलाची प्रेरणा! दोन महिन्यांत एका कागदाला हात लावलेला नाही. टाळ्या मात्र कडक.
घरी बाबा म्हणाले, "मानानं ठेवून राह्यले ना तुले? आजून काय पाह्यजे?" मी ओरडलेच. मले काम पाह्यजे, बाबा! जेवले नाही.

१० डिसेंबर
ठरलं. अर्ज स्वतः टाइप केला, स्टँडजवळच्या दुकानातून प्रिंट काढली. 'मला आवक-जावक नोंदीचे काम द्यावे, अन्यथा माझा राजीनामा स्वीकारावा.' उद्या साहेबांच्या हातात देणार. नोकरी गेली तर पुन्हा कोण देणार मला?

११ डिसेंबर
साहेब गडबडले. "अहो, पण तुम्हीच तर लिहून दिलं होतं!" फाइल काढून वाचून दाखवलं — 'माझ्या अंधत्वामुळे मला कोणतेही काम देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.' तारीख ६ ऑक्टोबर. खाली माझी सही. उत्तमराव म्हणाले, "आमाले वाटलं, ताई आपलं लाजेकाजे काम मागतात."
रुजू होताना अकरा ठिकाणी सह्या केल्या होत्या. प्रत्येक जागेवर बाबांनी माझं बोट नेऊन ठेवलं होतं. छापील कागद होता, फोनने वाचून दाखवला असता. पण बाबांनी पुढे केलेला कागद कशाला तपासायचा?
संध्याकाळी ते गावच्या स्टँडवर घ्यायला आले होते. म्हटलं, "बाबा, 'काम देऊ नये' वाला तो अर्ज म्या वापस घेतला."
मग म्हणाले, "तुह्या हातून चुकलं की लोकं तुले बोलतीन. ते मले आयकवणार नाही, पोरी."
उद्यापासून आवक-जावक माझ्याकडे आहे. बाबांनी नेहमीसारखा हात धरला. मी सोडवून घेतला.